खारं की गोडं

नांगर उचलताना ट्रॅक्टरचे हात थरथरले
तेव्हा वाटलं, वय झालं.
तो कोरगावात आला तेव्हा मी माहेरी बालवाडीत होते,
पण यंत्राची वर्षं तासांनी मोजतात
आणि ह्याचा मीटर नऊ हजारांवर अडकलाय
सासऱ्यांच्या हयातीपासून.

रुझार मेस्त म्हणाला, आधी चालव.
तेल ऊन होऊ दे. थंड तेल खोटं बोलतं,
घाण तळाशी धरून ठेवतं.
मी दोन फेऱ्या मारून आले
तोवर खाली घमेलं सरकवलेलं,
शेजारी बत्तीसचा पाना, रॉकेल, जुनी साडी,
माझीच, फाडून. विचारलंही नव्हतं.

इंजिनचं तेल काळं निघालं, सरळ काळं.
"हें बरें." काळं म्हणजे राबलेलं.
त्यानं बोटांत चोळलं, नाकाशी नेलं:
डिझेलचा वास नाही, पाण्याचा थेंब नाही.
रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला.
चोरी झालेल्या घरात
एकेकाला विचारून ओट्यावर बसवावं
तसा तो एकेका भागाला सोडत गेला.

मग मागची पेटी.
तिथून उतरलं ते पिवळट, दाट,
नुकत्या व्यालेल्या म्हशीच्या चिकासारखं.
घमेलं पुरेना, बादली आली,
मग न्हाणीतलं तपेलं.
तपेल्याकडे बघून सासूबाई आत निघून गेल्या.

बोल्टच्या लोहचुंबकावर लोखंडाची लव होती,
मांजराच्या कानावर असते तेवढी.
रुझारनं ती पुसून कपटे शोधले. नव्हते.
दात शाबूत.
उरला प्रश्न पाण्याचा.

पाणी वरून शिरतं,
गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं की, पावसाचं.
नाहीतर चाकाच्या सीलमधून,
पण त्याला ट्रॅक्टर आसापर्यंत बुडावा लागतो.
रबर फाटलेलं होतंच.
मी म्हटलं, पाऊसच.
गौरेश लगेच म्हणाला, पाऊसच, काकी.
रुझारनं फेणीची रिकामी बाटली मागितली,
त्या चिकानं भरली,
तुळशीमागे ठेवली
आणि सायकल काढून घरी गेला.

तिसऱ्या दिवशी
वर तेल, मधे साय,
तळाशी दोन बोटं पाणी, उजळ.
त्यानं पपईचं पान तोडलं,
देठाची पोकळ नळी बाटलीत सोडली,
वरचं तोंड अंगठ्यानं दाबून बाहेर काढली
आणि एक थेंब जिभेवर घेऊन थुंकला.
"खारें."

पाऊस खारा नसतो.
आमच्या वाटणीत खारं पाणी एकाच जागी,
खाजनात, मानशीपाशी, भरतीला.
तिथं मी ट्रॅक्टर कधी नेलेला नाही.

गौरेश अंगठ्यानं माती उकरत होता.
अवसेच्या रात्री कुर्ल्या उजेडाला येतात, म्हणाला.
टॉर्चपेक्षा ह्याचे दिवे मोठे.
मग भरती चढली. चाकं रुतली.
दोन तास.

मला दुसऱ्या दिवशीचं जेवण आठवलं.
लाखेनं भरलेल्या कुर्ल्या, वाटपाचा दाट रस.
मी चार खाल्ल्या होत्या,
नांग्या पाट्यावर फोडफोडून,
आणि कुठून आणल्यास, हे विचारलं नव्हतं.

म्हणून ओरडले नाही.
म्हापशाहून सील आणले, रबर आणलं.
डिझेलनं पेटी धुतली, पुन्हा धुतली.
गौरेशनं नरसाळं धरलं, मी डबा ओतला,
मधाच्या रंगाचं तेल
घाई न करता आत गेलं.
"एका धुण्यान सगळें वचना," रुझार म्हणाला.
वीस तास चालव, मग परत बदल.
पैसे मोजून घेतले, साडीचे वजा केले नाहीत.

मीटर बंद, म्हणून मी पडवीच्या भिंतीवर
कोळशानं तासांच्या रेघा ओढते.
आज तिसरी.
गौरेश चालवत होता.
नांगर उचलला तेव्हा थरथरला नाही,
किंवा मी त्या वेळी
गौरेशच्या हातांकडे बघत होते.